रिकाम्या चौकोनांचा लोचा

बुधवारी रात्री साडेअकरा वाजता लॅपटॉप हँग झाला की तुम्ही काय करता? मी तीन गोष्टी केल्या. आधी त्याला शिव्या दिल्या. मग कीबोर्डवर फुंकर घातली (हसू नका, तुम्हीही घालता!). आणि मग मावसभावाला फोन लावला.

आमचा हा दादा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोन उचलल्या उचलल्या त्याने विचारलं, "प्रिंटर की वाय-फाय?" त्यावरून आमच्या खानदानात त्याची काय इमेज आहे ते तुम्हाला कळलं असेल.

"एक्सेल," मी म्हटलं.

"सकाळी ये. येताना खारी आण."

प्रकरण असं होतं. पुण्यात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी 'कुठे जेवाल?' अशी एक छोटी पुस्तिका निघणार होती आणि ते फ्रीलान्स काम माझ्याकडे आलं होतं. फॉर्म भरून घ्यायचे, लोकांनी जिथे जेवलंय त्या जागेला १ ते ५ स्टार द्यायचे, त्यावरून क्रमवारी लावायची आणि पहिल्या पंचवीस जागांवर मी झकास लिहायचं. २,९४० जणांनी फॉर्म भरले. एकूण जागा निघाल्या ६१२. मी काय केलं, डावीकडे माणसं उभी मांडली, वर जागा आडव्या मांडल्या आणि मधल्या चौकोनांत स्टार भरले. शाळेत हजेरीपट असतो ना, तसं. मंगळवारी संध्याकाळी पहिली यादी संपादक मॅडमना पाठवूनही टाकली. बुधवारी फक्त एक छोटीशी दुरुस्ती करायला फाईल उघडली, आणि ती जी फिरायला लागली ती फिरतेच आहे...

मास कॉमला आम्हाला इंट्रो कसा लिहायचा, मुलाखतीत माणसाला बोलतं कसं करायचं, कॅमेरा कुठे ठेवायचा हे सगळं शिकवलं. अठरा लाख चौकोन कसे सांभाळायचे, हे कुणी शिकवलं नाही.

शून्य म्हणजे रिकामं नव्हे, बॉस!

गुरुवारी सकाळी दादाने चहात खारी बुडवत फाईल उघडली. दहा मिनिटांनी ती उघडली. तोपर्यंत अर्धी खारी कपात पडली होती.

"२,९४० गुणिले ६१२. म्हणजे जवळपास १८ लाख चौकोन. यातले लोकांनी खरंच भरलेले किती?"

"२०,५८०. माणशी सातच जागा येतात सरासरी."

"म्हणजे शंभरात एक. मग बाकीच्या नव्व्याण्णव चौकोनांत ही शून्यं कुठून आली?"

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. काही जागांना एकही मत नव्हतं. त्यांची सरासरी काढताना एक्सेल भागाकाराचा एरर दाखवत होतं. एरर बघून माझ्या डोक्याची मंडई झाली. म्हणून मी सगळे रिकामे चौकोन निवडले आणि एका फटक्यात सगळीकडे ० भरून टाकलं. एरर गायब! शीट कशी स्वच्छ, भरल्या घरासारखी दिसायला लागली.

"अगं, एक्सेलला अक्कल होती," दादा म्हणाला. "सरासरी काढताना ते रिकामे चौकोन सोडून देतं. फाईलमध्येही फक्त भरलेले चौकोनच लिहितं. तू शून्य टाकलंस तेव्हा त्याला १८ लाख नोंदी खऱ्याच धराव्या लागल्या. फाईल फुगली ती त्याने. पण तो किरकोळ लोचा आहे. मोठा लोचा वेगळाच आहे. ही तुझी काकूंची खाणावळ कितव्या नंबरवर आहे?"

पोटात खड्डा पडला. कारण ते मी मंगळवारीच पाहिलं होतं.

काकूंकडे मी तीन वर्षं जेवते. दोन वेळची पोळी-भाजी, गुरुवारी मसालेभात, तापात मऊ भात. काकूंना ३८ जणांनी स्टार दिले होते आणि सरासरी होती ४.४. पण उरलेल्या २,९०२ जणांच्या नावापुढे मी शून्य लिहिल्यामुळे ती झाली ०.०६. त्याउलट शहरातलं एक मोठं, नाव गाजलेलं रेस्टॉरंट. तिथे १,१०५ जण जेवून आलेले, सरासरी जेमतेम ३.१. शून्यं धरूनही त्याची झाली १.१७. ते माझ्या यादीत पहिलं होतं. काकू होत्या पार तळाशी.

थोडक्यात, मी 'चांगलं कुठे मिळतं' याची यादी केलीच नव्हती. मी 'कुठे जास्त लोक जातात' याची यादी केली होती आणि तिला चांगल्याची पाटी लावली होती. जो माणूस कधी काकूंच्या दारातही गेला नाही, त्याच्याकडून मी त्यांना शून्य स्टार देववले होते.

आणि सगळ्यात वाईट काय, तर मंगळवारी काकूंचा नंबर बघून मला वाईट वाटलं होतं. पण मी मनात म्हटलं, जाऊ दे, आकड्यांशी कोण भांडणार!

नेटफ्लिक्सचा फुटका तक्ता

"तू एकटी नाहीस," दादा म्हणाला. (हे वाक्य ऐकून आधी बरं वाटतं, मग कळतं की पुढे लेक्चर आहे.)

२००६ मध्ये नेटफ्लिक्स ही पोस्टाने डीव्हीडी घरपोच पाठवणारी कंपनी होती. तिने एक स्पर्धा जाहीर केली. आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा १० टक्के चांगला अंदाज बांधून दाखवा, कुठल्या ग्राहकाला कुठला सिनेमा किती आवडेल, आणि १० लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी कंपनीने आपला खरा डेटा लोकांच्या हाती दिला: ४,८०,१८९ ग्राहक, १७,७७० सिनेमे. माझ्यासारखा हजेरीपट आखायचा तर चौकोन झाले ८५३ कोटी! आणि त्यात भरलेले? १०,०४,८०,५०७. म्हणजे १.१८ टक्का. माझ्या तक्त्यात १.१४ टक्का. मनात म्हटलं, चला, कुठेतरी आपण नेटफ्लिक्सच्या बरोबरीने आहोत!

अशा विरळ भरलेल्या डेटाला सॉफ्टवेअरवाले 'स्पार्स' म्हणतात. आणि जग अशा डेटाने भरलेलं आहे. कुठल्या गिऱ्हाइकाने दुकानातल्या कुठल्या वस्तू घेतल्या, कुठल्या पेशंटच्या कुठल्या तपासण्या झाल्या, कुठल्या वेबपेजवरून कुठल्या पेजची लिंक आहे... कुठलाही एक माणूस जगातल्या सगळ्या गोष्टींपैकी फारच थोड्या गोष्टींना हात लावतो. बाकी सगळं रिकामं.

मग हे साठवायचं कसं? दादाने टिश्यू पेपर ओढला. पुढचा हिशेब त्याचा, उपमा माझ्या.

पहिला प्रकार: पत्रपेट्या. सोसायटीच्या जिन्याखाली प्रत्येक फ्लॅटची पत्रपेटी असते. पत्र येवो न येवो, पेटी असतेच. सगळे चौकोन आखून ठेवायचे ते असे. याचा फायदा मोठा आहे. फ्लॅट नंबर माहीत असला की शोधावं लागत नाही, हात थेट पेटीवर जातो. पण जागा? एका चौकोनाला फक्त १ बाइट दिला तरी नेटफ्लिक्सचा तक्ता ८.५ जीबी. दशांश आकड्यांसाठी नेहमीचे ८ बाइट दिले तर ६८ जीबी. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पेट्या रिकाम्या!

वर आणखी एक गंमत. नेटफ्लिक्सने दिलेले ग्राहक क्रमांक सलग नव्हते. ते २६ लाखांच्या पुढेपर्यंत जात होते आणि मध्ये मोठ्या फटी होत्या. कुणी तोच क्रमांक ओळीचा क्रमांक म्हणून वापरला असता, तर जे ग्राहक यादीत नाहीतच त्यांच्याही वीसेक लाख ओळी आखल्या गेल्या असत्या. म्हणून आधी सगळ्यांना सलग नंबर द्यायचे, मग पुढचं काम.

दुसरा प्रकार: चिठ्ठ्या. रिकाम्याचा उल्लेखच करायचा नाही. प्रत्येक मताची एक चिठ्ठी: कोण, कुठे, किती. ग्राहकाला ४ बाइट, सिनेमाला २ (१७,७७० हा आकडा २ बाइटांत आरामात बसतो), स्टारला १. सात बाइटांची चिठ्ठी, अशा दहा कोटी चिठ्ठ्या. झाले साधारण ७०० एमबी. ८.५ जीबीचं एका सीडीएवढं झालं की! नवीन मत आलं की चिठ्ठी गठ्ठ्यावर टाकायची, इतकं सोपं. पण एका माणसाचं सगळं शोधायचं तर अख्खा गठ्ठा उपसावा लागतो.

तिसरा प्रकार: वाण्याची वही. हा मला जाम आवडला. आमच्या गल्लीतला वाणी उधारी कशी लिहितो? प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. वर नाव एकदाच. खाली जे नेलं तेवढंच. 'साखर नेली नाही, रवा नेला नाही, काडेपेटी नेली नाही' असं तो कधी लिहीत बसत नाही. आणि पहिल्या पानावर कुणाचं खातं कितव्या पानावर, याची यादी.

सॉफ्टवेअरमध्ये याला 'कम्प्रेस्ड रो' म्हणतात. ग्राहकाचं नाव प्रत्येक चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा लिहायचं वाचलं, उरले सिनेमाचे २ आणि स्टारचा १ बाइट. म्हणजे ३०० एमबीच्या आसपास, आणि पानांची यादी जेमतेम २ एमबी. एका माणसाचं सगळं एका जागी, सलग. गणितं यावर सुसाट चालतात. खुद्द नेटफ्लिक्सने डेटा दिला तोही असाच, फक्त उलट्या बाजूने. एका सिनेमाची एक फाईल, अशा १७,७७० फायली. फाईलच्या पहिल्या ओळीत सिनेमाचा नंबर, खाली ज्यांनी मत दिलं तेवढेच ग्राहक, त्यांचे स्टार आणि तारीख.

वाण्याच्या वहीची एकच गोची. आधीच भरलेल्या पानांच्या मध्ये नवीन ओळ घुसवायची म्हटलं की पुढचं सगळं सरकवावं लागतं. म्हणून शहाणी माणसं गोळा करताना चिठ्ठ्या वापरतात आणि गोळा करून झालं की वही लिहून काढतात. पायथॉनमध्ये 'सायपाय' नावाची मोफत लायब्ररी आहे, तिच्यात हे सगळे प्रकार तयार मिळतात आणि तिथला सल्लाही हाच आहे.

चौथा प्रकार: चपलांचं टोकन. देवळाबाहेर टोकन दिलं की तुमचीच चप्पल हातात येते, बाकीच्या रांगा बघाव्या लागत नाहीत. तसं 'हा माणूस, ही जागा' अशी जोडी दिली की थेट स्टार मिळतात. याला डिक्शनरी किंवा हॅश म्हणतात. सतत बदलणाऱ्या डेटाला बेस्ट. पण प्रत्येक टोकनाबरोबर थोडं जास्तीचं सामान सांभाळावं लागतं, त्यामुळे दहा कोटी नोंदींना मेमरी भसाभसा संपते.

नाकापेक्षा मोती जड

"मग मी यातलं काय घेऊ?" मी पेन सरसावून विचारलं. "ते बिगटेबल की काय म्हणतात ते?"

दादा इतका हसला की वहिनी आतून बघायला आली.

बिगटेबल ही गूगलची साठवणीची पद्धत. २००६ मध्ये गूगलच्या इंजिनिअर्सनी तिच्यावर पेपर लिहिला. हजारो मशीनवर पसरलेला विरळ डेटा, रिकाम्या चौकोनाला जागाच लागत नाही, नवीन रकाना कधीही जोडा. त्याच धर्तीवर पुढे एचबेस आली. फेसबुकने २००८ मध्ये खुली केलेली कॅसँड्रासुद्धा त्याच घरातली. पण ही सगळी जत्रा डेटा एका मशीनमध्ये मावत नाही तेव्हाची.

"तुझ्या नोंदी वीस हजार," दादा म्हणाला. "सात बाइटांनी दीड लाख बाइटसुद्धा होत नाहीत. तुझ्या मोबाईलमधला एक सेल्फी याच्यापेक्षा मोठा असेल. नाकापेक्षा मोती जड कशाला?"

मग त्याने मला पाच प्रश्न लिहून दिले. साठवणीची पद्धत निवडण्याआधी हे विचारायचे, म्हणाला. मीही तुम्हाला तसेच देते. तुमच्या ऑफिसात 'मोठा डेटा आहे, काहीतरी मोठं घेऊ' असं कुणी म्हणालं की मीटिंगमध्ये टाकून बघा, इम्प्रेशन पडेल.

एक: भरलेलं किती आहे? विरळ पद्धत नेहमीच स्वस्त पडते असं नाही. ७ बाइटांची चिठ्ठी आणि १ बाइटाचा चौकोन असेल, तर सातात एकापेक्षा जास्त चौकोन भरलेले असले की साधा तक्ताच कमी जागा घेतो. ऑफिसातल्या पाच जणांच्या डब्याच्या हिशेबाला हजेरीपटच बरा.

दोन: वाचायचं कुठून? माणसाप्रमाणे की जागेप्रमाणे? वाण्याची वही गिऱ्हाइकाप्रमाणे लावलेली असते. 'या महिन्यात साखर कुणीकुणी नेली?' विचारलंत तर तो तुम्हाला आणि तुमच्या प्रश्नाला, दोघांनाही हाकलून देईल. दोन्ही बाजूंनी वाचायचं असेल तर दोन्हीकडून इंडेक्स लागतो.

तीन: लिहिणं चालू आहे की संपलं? चालू असेल तर चिठ्ठ्या किंवा टोकन. संपलं असेल तर वही.

चार: सांभाळणार कोण? हा प्रश्न इंजिनिअर लोक विसरतात, असं दादा स्वतः म्हणाला. तुम्ही कंपनी सोडून गेल्यावर मागच्याला ते उघडता आलं पाहिजे.

पाच: रिकाम्याचा अर्थ काय? माहीत नाही? लागू नाही? की खरंच शून्य? हे आधी लिहून ठेवायचं. मशीनला ते आपोआप कळत नाही. (आणि मलाही कळलं नव्हतं.)

माझी उत्तरं: एक टक्का भरलेलं, जागेप्रमाणे वाचायचं, लिहिणं संपलेलं, सांभाळणार मी एकटी, रिकामं म्हणजे 'तिथे जेवलेच नाहीत'. म्हणून उत्तर निघालं एकदम साधं: तीन रकान्यांचं उभं टेबल. कोण, कुठे, किती. २०,५८० ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे डेटाबेसचीही गरज नाही. उद्या फॉर्म वाढलेच तर हेच टेबल 'एसक्यूलाइट'मध्ये जसंच्या तसं जाईल. तीही फुकट, आणि सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये.

"आणि ६१२ रकान्यांचं आडवं टेबल डेटाबेसमध्ये नको," दादाने बजावलं. "पोस्टग्रेसमध्ये एका टेबलाला जास्तीत जास्त १,६०० रकाने. एसक्यूएल सर्व्हरने २००८ मध्ये विरळ रकान्यांची खास सोय काढली, पण रोज एक हॉटेल उघडणार आणि तू रोज टेबल बदलत बसणार का?"

उभ्या टेबलाचाही अतिरेक करायचा नाही म्हणे. काही लोक त्या एका 'किती'च्या रकान्यात आकडा, तारीख, पत्ता, शेरा, सगळंच कोंबतात. हॉस्पिटलच्या तपासण्यांसारख्या ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडते, पण मग चुकीची नोंद पकडायला कुणी उरत नाही आणि एका पेशंटचं पूर्ण चित्र जुळवताना घाम फुटतो.

पिव्होट टेबल लावलं. फाईल क्षणात उघडली. बुधवारी रात्रभर फिरणारं ते चक्र दिसलंसुद्धा नाही.

तिसऱ्या फिल्टरला मी सापडले

मी फाईल मॅडमना मेल करायला घेतली तर दादाने माझा हात धरला. "अख्खी पाठवणारेस? यात लोकांचे मोबाईल नंबर आहेत."

"ते काढून टाकते ना. नावाऐवजी एक, दोन, तीन."

"काढ. आणि मग मला दे."

मी दिली. त्याने काकूंच्या खाणावळीचा फिल्टर लावला: ३८ माणसं. मग मी जिथे रोज चहा पिते ती टपरी: उरले ४. मग आमच्या घराजवळचं मिसळीचं दुकान: उरली एकच ओळ. माझीच. शेजारी माझी बाकीची सगळी मतं ओळीने मांडलेली. त्यात रूममेटच्या होणाऱ्या नवऱ्याच्या कॅफेला दिलेले २ स्टारही! (रूममेट, तू हे वाचत असशील तर... कॉफी चांगली होती, सँडविच नाही.)

हेच नेटफ्लिक्सचंही झालं. त्यांनीही ग्राहकांची नावं काढून टाकली होती. पण टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह या दोघांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या माणसाची आठ सिनेमांची मतं माहीत असली, त्यातली दोन पार चुकीची असली आणि तारखा चौदा दिवसांनी इकडेतिकडे असल्या, तरी ९९ टक्के ओळी एकमेव म्हणून हुडकता येतात. आयएमडीबीवर लोकांनी उघडपणे दिलेल्या मतांशी जुळवून त्यांनी काही ग्राहक ओळखूनही दाखवले. कारण? तोच विरळपणा. सगळे जण थोड्याच चौकोनांत असतात आणि प्रत्येकाचे चौकोन वेगळे. १० लाख डॉलरचं बक्षीस सप्टेंबर २००९ मध्ये 'बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस' या टीमने जिंकलं, पण कंपनीने जाहीर केलेली दुसरी स्पर्धा २०१० मध्ये गोपनीयतेच्या वादातून रद्द झाली.

आपण रिकाम्या चौकोनांना काही नाही म्हणून सोडून देतो. पण तुम्ही कुठे कुठे गेला नाहीत, हेही तुमचीच ओळख सांगतं. मी मॅडमना अख्खी फाईल पाठवलीच नाही. फक्त जागा, मतं किती आणि सरासरी, एवढे तीन रकाने पाठवले.

चार वाजेपर्यंत

त्याआधी अर्थात फोन करावा लागला. "मॅडम, मंगळवारची यादी चुकीची आहे. चूक माझी आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. आमच्या धंद्यात ही शांतता फार महागात पडते, पुढचं काम जातं. मग मॅडम म्हणाल्या, "छापायला गेली नाहीये अजून. चार वाजेपर्यंत दे."

चार वाजायला दहा मिनिटं असताना यादी गेली. पहिल्या पंचवीसपैकी सतरा नावं बदलली होती. वीसपेक्षा कमी मतं असलेल्या जागांना मी क्रमवारीतच घेतलं नाही. एकाच माणसाने पाच स्टार दिलेली जागा पहिली येणं हाही लोचाच की! त्या जागा 'अजून पुरेशी मतं नाहीत' असा मथळा देऊन वेगळ्या छापल्या. तळाशी टाकल्या नाहीत. आणि मी स्वतः जिथे पैसे भरून रोज जेवते तिथलं माझं मत धरणं बरं दिसेना, म्हणून माझी अख्खी ओळ काढून टाकली. काकूंची मतं राहिली ३७, सरासरी तरीही ४.४. नंबर अकरावा.

रात्री जेवायला गेले तेव्हा काकू हिशेबाची वही घेऊन बसल्या होत्या. दर महिन्याला बघते मी ती वही, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक मेंबरचं एक पान. आम्ही जेवायला आलो, हे काकू कधी लिहीतच नाहीत. फक्त आलो नाही त्या वेळेचा खाडा मांडतात. साठ वेळांच्या हिशेबात चार-पाच खुणा, बाकी पान कोरं. आणि त्या कोऱ्याचा अर्थ काय? जेवली! कोऱ्यात शून्य भरायला मी या वहीत बसले असते, तर अख्ख्या खाणावळीला महिनाभर उपाशी ठेवलं असतं.

"काकू, पुस्तिकेत तुमचा अकरावा नंबर आलाय," मी ताटावर बसत सांगितलं.

काकूंनी चष्मा वर केला. "अकरावा? मग वरचे दहा कोण?"

मी नावं सांगितली. चौथ्या नावाला त्यांनी नाक मुरडलं, सातव्याला मान डोलावली, नवव्याची आमटी चांगली असते हे मान्य केलं. मग मला आणखी एक पोळी वाढली आणि माझं पान उघडलं.

"आज दुपारी आली नाहीस ना? खाडा मांडलाय तुझा."